इन्व्हेस्टमेंट बँकेतील उन्हाळी इंटर्नशिप: जे पाहिले तेच पुढचे काम असते का?

नवखा विश्लेषक (प्रश्न)

मी पदवीच्या शेवटच्या वर्षात प्रवेश करणारा विद्यार्थी आहे. यंदाच्या उन्हाळ्यात एका मोठ्या इन्व्हेस्टमेंट बँकेच्या विलीनीकरण व अधिग्रहण विभागात मी इंटर्न म्हणून काम केले आणि शेवटच्या आठवड्यात मला पदवीनंतर ॲनालिस्ट, म्हणजे बँकेतील सर्वांत कनिष्ठ पदावर, रुजू होण्याची ऑफर मिळाली. उत्तर देण्यासाठी अजून थोडा अवधी आहे. मात्र उन्हाळ्यात जे पाहिले त्यावरून पुढच्या दोन-तीन वर्षांचा अंदाज कितपत बांधता येतो, हे मला ठरवता येत नसल्याने या क्षेत्रात काम केलेल्या किंवा करत असलेल्या सदस्यांचे मत जाणून घ्यायचे आहे.

सुरुवातीचे काही दिवस प्रशिक्षणाचे होते. ताळेबंद, नफा-तोटा पत्रक आणि रोखप्रवाह पत्रक ही तिन्ही एकमेकांशी कशी जोडलेली असतात, मूल्यांकनाच्या प्रचलित पद्धती कोणत्या, माउसला हात न लावता एक्सेल कसे चालवायचे, एवढे शिकवून आम्हाला आपापल्या गटांत पाठवण्यात आले. गटात कामे वाटून देणारा एक वरिष्ठ असतो, ज्याला सगळे स्टाफर म्हणतात. त्याच्या ईमेलवर पुढचे सर्व काही ठरत असे. माझ्या वाट्याला मुख्यतः कंपन्यांची एकपानी माहितीपत्रके, सारख्या कंपन्यांच्या मूल्यांकनाचे तक्ते, ज्यांना तिथे कॉम्प्स म्हणतात, आणि पिचबुकवर, म्हणजे संभाव्य ग्राहकापुढे मांडायच्या सादरीकरणावर, वरिष्ठांनी लाल शाईने केलेल्या दुरुस्त्या उतरवणे ही कामे आली.

या शेवटच्या कामाविषयी थोडे विस्ताराने सांगतो, कारण उन्हाळ्याचा मोठा भाग त्यातच गेला. पानाची छापील प्रत समोर ठेवायची, तिच्यातील प्रत्येक आकडा वार्षिक अहवालात किंवा तिमाही निकालात शोधायचा, सापडला की त्यावर पेन्सिलीने खूण करायची आणि समासात अहवालाचा पृष्ठ क्रमांक लिहायचा. गुणोत्तरे एका दशांश स्थळापर्यंत, ऋण आकडे कंसात, तळटिपा क्रमाने. आणि दशांश जवळच्या आकड्यात बदलल्यामुळे एखाद्या आलेखातील बेरीज ९९.९ टक्के येत असेल, तर तसे खाली नोंदवायचे. एकदा असोसिएटकडून, म्हणजे ॲनालिस्टच्या लगेच वरच्या पदावरील सहकाऱ्याकडून, परत आलेल्या संचावर एकच ओळ लिहिलेली होती: एका कंपनीचे आर्थिक वर्ष मार्चमध्ये संपते आणि बाकी सर्वांचे डिसेंबरमध्ये, तेव्हा तिचे आकडे कॅलेंडर वर्षात बदलून घ्यावेत. त्या एका ओळीमुळे तक्ता, त्यावरील सरासरी, तिच्यावर बेतलेला आलेख आणि पहिल्या पानावरचा सारांश असे सगळेच बदलावे लागले.

दिवसाचा क्रमही माझ्यासाठी अनोळखी होता. सकाळ बरीचशी निवांत असे, दुपार वाट पाहण्यात जाई, आणि वरिष्ठ मंडळी ग्राहकांच्या बैठका उरकून संध्याकाळी परतली की त्यांच्या दुरुस्त्या येत. त्यामुळे खरे काम सुरू होई तेव्हा बाकीच्या जगाची घरी जायची वेळ झालेली असे.

मला विचारायचे आहे ते असे. ज्या पिचबुकांवर मी काम केले त्यांपैकी बहुतेकांतून कोणताही व्यवहार निघणार नाही, असे गटातील लोकच सांगत असत. मग पूर्णवेळ नोकरीत तरी प्रत्यक्ष व्यवहाराचे काम मिळते की हेच चालू राहते? दुसरे असे की, माझ्याबरोबरच्या एका इंटर्नला मूल्यांकनाचे ज्ञान माझ्यापेक्षा कितीतरी अधिक होते, लिव्हरेज्ड बायआउटचे, म्हणजे मुख्यतः कर्ज काढून कंपनी विकत घेण्याच्या व्यवहाराचे, मॉडेल तो कोऱ्या शीटवर उभे करू शकत असे, तरीही त्याला ऑफर मिळाली नाही. निवड नेमकी कशावर होते? आणि इंटर्नना कामाच्या तासांबाबत सांभाळून घेतले जाते, नंतर नाही, असे जे ऐकू येते ते कितपत खरे आहे?

ताळेबंद

मी ॲनालिस्ट म्हणून सुरुवात करून व्हाइस प्रेसिडेंट झाल्यानंतर बँक सोडली आणि आता एका कंपनीच्या वित्त विभागात अधिग्रहणांचे काम पाहतो. म्हणजे पूर्वी जे सल्ले लिहून देत असे ते आता पैसे देऊन घेतो. इंटर्नना ऑफर द्यायची की नाही यासाठी होणाऱ्या बैठकांना मी काही वर्षे हजर असे, म्हणून तुमच्या दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो.

कोणाला मॉडेल किती येते, हा विषय त्या बैठकीत फारसा निघत नाही. निघतो तो असा: याने दिलेले पान पुन्हा न तपासता वर पाठवता येईल का? काम अडले तेव्हा याने ते संध्याकाळीच सांगितले की पहाटेपर्यंत लपवून ठेवले? एकच दुरुस्ती याला दोनदा सांगावी लागली का? ज्याचे काम असोसिएटला मुळापासून पुन्हा तपासावे लागते त्याच्यामुळे असोसिएटचा वेळ वाचण्याऐवजी वाढतो, मग तो इंटर्न कितीही हुशार असो. बायआउटचे मॉडेल कोणालाही थोड्या दिवसांत शिकवता येते; आपल्या आकड्याखाली सही करावी लागणार आहे अशा भावनेने काम करणे शिकवता येते की नाही, याविषयी मला अजून शंका आहे. तुमच्या सहकाऱ्याबद्दल मला अर्थातच काही ठाऊक नाही. जागा किती होत्या, त्याच्या बाजूने बैठकीत बोलणारे कोणी होते का, या गोष्टींनाही मोठे वजन असते, आणि ऑफर न मिळालेल्यांपैकी कित्येक जण पुढे दुसऱ्या बँकांत उत्तम काम करताना मी पाहिले आहेत.

कॉम्प्सच्या कामाला मात्र तुम्ही कमी लेखत आहात असे वाटले, म्हणून एक उदाहरण देतो. समजा, दोन कंपन्या धंद्याने अगदी सारख्या आहेत. पहिली आयएफआरएस या आंतरराष्ट्रीय लेखामानकांनुसार हिशेब ठेवते, दुसरी अमेरिकी लेखापद्धतीनुसार, आणि दोघीही दुकानांच्या जागांसाठी वर्षाला २० इतके भाडे भरतात. २०१९ पासून लागू झालेल्या आयएफआरएस १६ मुळे भाडेपट्ट्याचा खर्च घसारा आणि व्याज यांत विभागला जातो, म्हणजेच तो एबिटडाच्या (व्याज, कर आणि घसारा वजा करण्यापूर्वीच्या नफ्याच्या) खालच्या ओळींत जातो. अमेरिकी पद्धतीत ऑपरेटिंग लीजचे भाडे परिचालन खर्चातच राहते. त्यामुळे दुसरीचा एबिटडा १०० असेल, तर पहिलीचा १२० दिसतो. भाडेपट्ट्याची देणी न धरता दोघींची एंटरप्राइझ व्हॅल्यू (भागभांडवलाचे बाजारमूल्य अधिक निव्वळ कर्ज) १,००० असेल, तर तिला एबिटडाने भागून दुसरीचे गुणोत्तर १०.० पट येते आणि पहिलीचे ८.३ पट. कोणी पहिलीच्या बाबतीत भाडेपट्ट्याची देणी, समजा १००, एंटरप्राइझ व्हॅल्यूमध्ये मिळवली, तर तेच गुणोत्तर ९.२ पट होते. धंदा तोच, दुकाने तीच, आणि तुमचा तक्ता मात्र ग्राहकाला सांगतो आहे की एक कंपनी स्वस्त आहे. मॅनेजिंग डायरेक्टर हे पान बैठकीला जाताना गाडीत वाचणार, व्हाइस प्रेसिडेंट मांडणी पाहणार, असोसिएट सूत्रे पाहणार. वार्षिक अहवालातील भाडेपट्ट्यांची टीप उघडून वाचलेली असते ती फक्त तक्ता भरणाऱ्याने. ही तफावत त्याने पकडली नाही तर बहुधा कोणीच पकडत नाही, किंवा मग समोर बसलेला ग्राहक पकडतो, आणि त्यानंतर बैठकीत बाकी काही ऐकले जात नाही.

कॅलेंडर वर्षाची ती दुरुस्तीही याच जातीची होती. गेल्या बारा महिन्यांचा आकडा काढताना मागील पूर्ण वर्षात चालू वर्षाची सहामाही मिळवून गतवर्षीची तीच सहामाही वजा करायची असते, उदाहरणार्थ ४०० अधिक २३० उणे १९० बरोबर ४४०. हे गणित शाळकरी आहे हे मान्य. पण मधल्या काळात कंपनीने एखादा विभाग विकला असेल, तर या तीन आकड्यांत त्या विभागाचे उत्पन्न कुठे धरले आहे आणि कुठे वगळले आहे, हे पाहणे शाळकरी नाही.

आता प्रत्यक्ष व्यवहारांविषयी. पूर्णवेळ नोकरीत ते काम निश्चितच मिळते. एखाद्या कंपनीची विक्री सुरू झाली की आधी नाव न घेता कंपनीची ओळख करून देणारे टीझर जाते, गोपनीयतेचा करार झाल्यावर सविस्तर माहितीपुस्तिका, मग खरेदीदारांच्या प्राथमिक, बंधनकारक नसलेल्या बोली, त्यांतून निवडलेल्यांसाठी डेटा रूम, म्हणजे कंपनीची गोपनीय कागदपत्रे पाहण्याची ऑनलाइन जागा, आणि कंपनीच्या व्यवस्थापनाबरोबर बैठका, नंतर अंतिम बोली आणि वकिलांच्या साथीने कराराची घासाघीस. हे सारे अनेक महिने चालते. इंटर्नशिप साधारण नऊ-दहा आठवड्यांची असल्याने इंटर्नला यातला एखादाच तुकडा दिसतो, आणि बऱ्याच वेळा तोही दिसत नाही, कारण मध्येच येऊन मध्येच जाणाऱ्या माणसाला चालू व्यवहारात घेण्यास गट नाखूश असतो. ॲनालिस्ट मात्र त्या व्यवहाराचा कणा असतो. कोणत्या खरेदीदाराने कोणता दस्तऐवज उघडला, कोणाचे कोणते प्रश्न अनुत्तरित आहेत, कोणी करारावर सही केलेली नाही, हे सगळ्या चमूत फक्त त्यालाच माहीत असते.

पिचबुकांचे म्हणाल तर ती फुकट जातात असे म्हणणे पूर्णपणे बरोबर नाही. या धंद्यात मोबदल्याचा मोठा हिस्सा व्यवहार पूर्ण झाल्यावरच मिळतो, आणि कंपनी कधी विकायची हे मालक ठरवतो, बँक नव्हे. तोवर त्याच्या दारी जात राहायला काहीतरी निमित्त लागते. पिचबुक हे ते निमित्त. तरीही शंभर पानांचे निमित्त कशाला लागते, याचे समाधानकारक उत्तर मला बँकेत असताना मिळाले नाही आणि आता ग्राहक म्हणून तर मुळीच मिळत नाही. मी पहिली पाच पाने वाचतो.

एक सूचना. तुम्ही बँकेचे आणि ग्राहकांचे नाव दिले नाही हे योग्यच केलेत, पण प्रतिसादांत उद्योगक्षेत्राचाही उल्लेख टाळा. व्यवहारांना सांकेतिक नावे उगीच दिलेली नसतात, आणि इंटर्नशिप संपली तरी गोपनीयतेचे बंधन संपत नाही.

मध्यरात्रीचा दिवा

मी अजून आत आहे, त्यामुळे तासांविषयी लिहिण्याचा अधिकार मला आहे असे समजतो.

इंटर्नना सांभाळून घेतले जाते हे खरे आहे, पण ते पूर्वापार चालत आलेले नाही. २०१३ मध्ये लंडनमध्ये एका बँकेतील उन्हाळी इंटर्नचा मृत्यू झाला. तो अपस्माराच्या झटक्याने झाल्याचे चौकशीत नोंदवले गेले आणि थकवा हे त्याचे निमित्त असू शकेल, पण तसे खात्रीने म्हणता येणार नाही, असेही सांगण्यात आले. त्या घटनेनंतर बँकांना तरुण कर्मचाऱ्यांच्या तासांविषयी उघडपणे बोलणे भाग पडले. गोल्डमन सॅक्सने २०१५ मध्ये उन्हाळी इंटर्नना मध्यरात्र ते सकाळी सात या वेळेत कार्यालयात थांबण्यास मनाई केली. २०२१ मध्ये त्याच बँकेतील पहिल्या वर्षाच्या काही ॲनालिस्टनी आपापसांत केलेली पाहणी बाहेर आली, तिच्यात आठवड्याला सरासरी ९५ तास काम असल्याचे म्हटले होते. आणि ती पाहणीही त्यांनी पिचबुकाच्याच मांडणीत केलेली होती, हे मला त्यातले सर्वांत बोलके वाटते. २०२४ मध्ये जेपी मॉर्गनने कनिष्ठ बँकर्ससाठी बहुतांश परिस्थितीत आठवड्याला ८० तासांची मर्यादा घातली. मर्यादा म्हणून जो आकडा जाहीर होतो त्यावरून नेहमीचा आकडा काय असेल, याचा अंदाज तुम्ही बांधू शकता.

नियम चांगलेच आहेत, पण त्यांनी मूळ कारण जात नाही. एक पान ॲनालिस्टकडून असोसिएटकडे, तिथून व्हाइस प्रेसिडेंटकडे आणि शेवटी मॅनेजिंग डायरेक्टरकडे जाते. प्रत्येक जण ते आपल्याला सवड होईल तेव्हा पाहतो आणि प्रत्येकाची सवड वेगळी असते. सर्वांच्या दुरुस्त्या मात्र शेवटी एकाच माणसाच्या टेबलावर साचतात. तुमच्या त्या निवांत दुपारी आणि संध्याकाळनंतरची धावपळ ही याच रचनेची फळे आहेत, कोणा एकाच्या दुष्टपणाची नाहीत. व्यक्तिशः मला तास किती याच्यापेक्षा तास केव्हा, हे अधिक छळते. शनिवार मोकळा आहे हे शुक्रवारी रात्री अकरा वाजता कळले, तर त्या मोकळ्या शनिवाराचे करायचे काय? भेट ठरवायची म्हटले तरी समोरच्याला आधी सांगावे लागते.

म्हणून उन्हाळ्यातील तास मोजत बसू नका. आठवायचे असेल तर हे आठवा. तुमच्या व्हाइस प्रेसिडेंटने दुरुस्त्या एकत्र करून एकदाच दिल्या, की दर तासाला एक याप्रमाणे? काम देताना ते कधी हवे आहे हे सांगितले, की नुसतेच 'प्लीज फिक्स' लिहून पाठवले? ग्राहकाची बैठक पुढे गेल्याचे कळल्यावर तुम्हाला कोणी घरी जायला सांगितले का, की ते तुम्हाला दुसऱ्या दिवशी कळले? ज्या गटात या गोष्टी बऱ्या असतात तिथे तेच काम निभावते, आणि जिथे त्या नसतात तिथे कोणत्याही धोरणाचा उपयोग होत नाही. पूर्णवेळ रुजू झाल्यावर तास वाढतील हे गृहीत धरा; इंटर्नवर लक्ष ठेवायला मनुष्यबळ विभागाचे लोक असतात, तुमच्यावर नसतील. त्याच वेळी एक दिलासाही आहे: पहिले सहा-आठ महिने गेले की तेच काम निम्म्या वेळात होते, कारण कुठला आकडा कुठल्या अहवालात कुठे असतो हे हातालाच ठाऊक झालेले असते.

रोखेवाला

इथे चर्चा जणू इन्व्हेस्टमेंट बँक म्हणजे फक्त विलीनीकरण विभाग, अशा तऱ्हेने चालली आहे, म्हणून थोडक्यात दुसरी बाजू मांडतो. मी कर्जरोख्यांच्या विभागात काम करतो. आमच्याकडे चांगल्या पतमानांकनाच्या कंपनीचे रोखे पुष्कळदा सकाळी जाहीर होतात, दुपारपर्यंत गुंतवणूकदारांच्या मागण्या गोळा होतात आणि त्याच दिवशी व्याजदर ठरून काम संपते. त्यामुळे पहिल्या वर्षाच्या मुलालाही वर्षभरात अनेक व्यवहार आरंभापासून शेवटापर्यंत पाहायला मिळतात. दिवस लवकर सुरू होतो, पण बाजार बंद झाल्यावर संध्याकाळ बहुधा आपली असते. त्या बदल्यात मॉडेलचे काम कमी असते, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवे. कंपनी आतून कशी चालते याचा जो खोल अभ्यास विलीनीकरणात होतो तो आमच्याकडे होत नाही. ऑफर बँकेची आहे की विशिष्ट गटाची, हे पत्रात नीट वाचा. काही बँकांत गटवाटप नंतर होते आणि तेव्हा पसंती विचारली जाते.

नवखा विश्लेषक

सर्वांचे मनःपूर्वक आभार. ऑफर बँकेची असून गट रुजू होण्यापूर्वी ठरेल, असे पत्रात आहे; हे मी आधी लक्षपूर्वक वाचले नव्हते. व्हाइस प्रेसिडेंटविषयीच्या प्रश्नांची उत्तरे माझ्या बाबतीत संमिश्र आहेत: दुरुस्त्या एकत्र मिळत, पण केव्हा मिळतील हे कधीच कळत नसे.

'ताळेबंद' यांना आणखी एक विचारायचे आहे. भविष्यातील रोखप्रवाह सवलतीने आजच्या किमतीत आणण्याचे जे मॉडेल असते, त्यात अपेक्षित किंमत आधी ठरलेली असते आणि गृहीतके नंतर जुळवली जातात, असे मला दोनदा-तीनदा जाणवले. वाढीचा दर थोडा हलवा, सवलतीचा दर थोडा हलवा, असे सांगितले जाई आणि आकडा हव्या त्या पट्ट्यात येऊन बसे. हे असेच चालते का, आणि चालत असेल तर मग आकडे तपासण्याच्या एवढ्या कष्टांना अर्थ काय?

ताळेबंद

पिचमध्ये असे चालते, हे नाकारण्यात अर्थ नाही. त्या मॉडेलमध्ये शेवटच्या वर्षानंतरच्या संपूर्ण काळाचे जे मूल्य धरतात, ते बहुतेक वेळा एकूण मूल्याच्या निम्म्याहून जास्त असते, आणि ते सवलतीचा दर व कायमस्वरूपी वाढीचा दर यांच्यातील फरकाने भागून काढलेले असते. सवलतीचा दर ९ टक्के ठेवून वाढीचा दर २ वरून ३ टक्क्यांवर नेला, तर भाजक ७ वरून ६ वर येतो, अंशातील पुढच्या वर्षाचा रोखप्रवाहही किंचित वाढतो, आणि हे अंतिम मूल्य सुमारे १८ टक्क्यांनी वाढते. दोन टक्के की तीन, यावर दोन समंजस माणसांचे मतभेद होऊ शकतात. किमतीतील १८ टक्क्यांवर मात्र कंपन्यांचे सौदे मोडतात. म्हणूनच एकच आकडा कोणी देत नाही, सगळ्या पद्धतींचे पट्टे एकाखाली एक मांडून दाखवतात, आणि अनुभवी ग्राहक त्या आडव्या पट्ट्यांकडे फारसे न पाहता आधी खालची गृहीतके वाचतो.

पण याच्या दुसऱ्या टोकाला फेअरनेस ओपिनियन असते, म्हणजे ठरलेली किंमत भागधारकांच्या दृष्टीने आर्थिकदृष्ट्या रास्त आहे, असे बँकेने संचालक मंडळाला दिलेले लेखी मत. अमेरिकेत १९८५ साली डेलावेअरच्या सर्वोच्च न्यायालयाने ट्रान्स युनियन या कंपनीच्या संचालकांना, पुरेशी माहिती न घेता जेमतेम दोन तासांच्या बैठकीत कंपनी विकण्यास मान्यता दिल्याबद्दल जबाबदार धरले, आणि तेव्हापासून असे मत घेण्याची प्रथा फार वाढली. हे मत सहसा बँकेच्या अंतर्गत समितीपुढे जाते, तिथे व्यवहाराशी संबंध नसलेले वरिष्ठ बसतात, आणि वाढीचा दर ३ टक्के का, या प्रश्नाचे उत्तर 'असे सांगितले होते' हे असू शकत नाही. पुढे वाद न्यायालयात गेला तर तो एक्सेल आणि त्यासोबतचे ईमेलही मागवले जाऊ शकतात. गृहीतकांवर वाद होणार हे उघड असते. ऐतिहासिक आकडे चुकीचे निघाले तर मात्र वादाचीही गरज उरत नाही. तुमच्या पेन्सिलीच्या खुणांचा उपयोग तिथे होतो.

पाचवा मजला

उशिरा लिहितो आहे. ऑफर स्वीकारावी की नाही हे इथले कोणी सांगू शकणार नाही, पण उत्तर देण्यापूर्वी थोडी चौकशी करता येईल.

ज्या गटांत तुम्हाला रस आहे त्यांतील दुसऱ्या वर्षाच्या ॲनालिस्टना फोन करा. ईमेल करू नका. ईमेलवर सगळेच गट उत्तम असतात. गेल्या वर्षभरात त्यांनी स्वतः किती व्यवहार पूर्ण होताना पाहिले हे विचारा, गटाने किती केले हे नव्हे, कारण गटाची यादी संकेतस्थळावरही सापडते. कामे स्टाफर वाटतो की वरिष्ठ परस्पर आपल्या मर्जीतल्या ॲनालिस्टला पकडतात, हेही विचारा. दुसऱ्या प्रकारात चांगल्या माणसावर काम साचत जाते आणि बाकीचे मोकळे बसतात. आणि त्यांच्या आधीच्या तुकडीतील किती जण अजून तिथे आहेत व गेलेले कुठे गेले, हे विचारले तर बाकीचे न विचारताही समजेल.

पुढे प्रायव्हेट इक्विटीत, म्हणजे कंपन्या विकत घेऊन नंतर विकणाऱ्या गुंतवणूक संस्थांत, जाण्याचा विचार मनात असेल तर आणखी एक गोष्ट. त्या संस्था ॲनालिस्ट रुजू होण्याच्या आधीपासूनच, दोन वर्षांनंतरच्या जागांसाठी त्यांना गाठू लागल्या होत्या. जेपी मॉर्गनने २०२५ मध्ये आपल्या नव्या ॲनालिस्टना कळवले की रुजू होण्यापूर्वी किंवा पहिल्या १८ महिन्यांत दुसरीकडची नोकरी स्वीकारल्यास त्यांना काढून टाकले जाईल, आणि त्यानंतर काही मोठ्या प्रायव्हेट इक्विटी संस्थांनी ती घाई थांबवत असल्याचे जाहीर केले. तुमच्या पत्रात असे कलम आहे का ते पाहा, आणि असेल तर त्याचा अर्थ मनुष्यबळ विभागाकडून लेखी घ्या.

गटाची पसंती कधी विचारली जाणार आहे, हे मात्र ऑफर स्वीकारण्याच्या आधीच विचारायला हवे. स्वीकारल्यानंतर विचारले तरी उत्तर मिळेल, पण तेव्हा ते देण्याची घाई त्यांना नसेल.